मिस यूलाचा फवारा

— नाही, नाही, मान मागे टाक आधी. बेसिनला टेकव. हां, अशी. अगं शनीस, बाटलीवर अल्कोहोल दिसलं की तुम्ही पोरी साप बघितल्यासारख्या उडता! कुठलं अल्कोहोल लिहिलंय ते वाचलंस? सीटिल. आणि खाली स्टिअरिल. ही काय दारू आहे? मेणासारखी असतात ती, खोबरेलापासूनसुद्धा काढतात — क्रीम दाट होते ती त्यांच्यामुळेच, केस मऊ होतात, गुंता सुटतो. घाबरायचं ते पातळ अल्कोहोलला. आयसोप्रोपिल म्हण, नाहीतर ते कोणी पिऊ नये म्हणून कडू करून ठेवलेलं. ते उडून जातं आणि जाताना केसांतला ओलावा घेऊन जातं. आपले कुरळे केस आधीच कोरडे, त्यात रोज मारलंस तर झाडूच्या काड्या होतील. बाटलीवरच्या यादीत अगदी शेवटी असलं तर फारसं बिघडत नाही — पण पहिल्या दोन-तीन नावांत दिसलं की बाटली होती तिथे ठेवायची. पाणी फार गरम नाही ना? बरं.

तीस वर्षं सांगतेय मी हे, या मेकन गावात, याच पार्लरात. कोण ऐकतं? कोणी नाही. सगळ्यांना तो एकच शब्द दिसतो. आता माझाच फवारा घे, केस बसवायचा. पहिल्यांदा केला तेव्हा नुसतं पाणी, ग्लिसरीन आणि वासाचं तेल. तेल वर तरंगायचं. बायका म्हणायच्या, मिस यूला, हे नासलंय! मग घातलं त्यात थोडं — काय घातलं? अगं तेच, पातळ. दुसरं काय घालणार, त्याशिवाय तेल पाण्यात मिसळतच नाही. थोडंच हं. मग म्हणायला लागल्या, किती पटकन वाळतं गं! मग जरा जास्त. मग — निम्मं. हो, निम्मी बाटली. आणि वर चिकटवलं — हलू नकोस, फेस जाईल डोळ्यांत — वर चिकटवलं, 'अल्कोहोल नाही'. नाहीतर घेतं कोण? तूच आता साध्या क्रीमला नाक मुरडत होतीस!

कुणाला काही झालं नाही तसं. वर्नीता सोडून. माझ्या बहिणीची मुलगी, त्या पलीकडच्या खुर्चीवर काम करायची. काय हलका हात होता तिचा! लोखंडी कंगवा गॅसवर तापवून असे केस सरळ करायची, की बाई झोपून जायची खुर्चीत. त्या दिवशी कंगवा तापायला ठेवला आणि शेगडीपाशी उभी राहूनच स्वतःच्या डोक्यावर मारला फवारा. भरपूर. का नाही मारणार? बाटलीवर लिहिलं होतं ना, अल्कोहोल नाही, मग पेटेल कशाला? आवाजसुद्धा झाला नाही गं — नुसतं हुफ्, आणि केस पेटले. मी टॉवेल टाकला, लगेच टाकला, पण... कान गेला. आणि ही सगळी बाजू. बंबवाल्यांनी विचारलं, कशानं? मी म्हणलं, पोरीनं भलतीच बाटली उचलली. तिच्यासमोर म्हणलं. स्ट्रेचरवर होती, एकच डोळा उघडा. बघत राहिली माझ्याकडे. आता सिनसिनाटीला असते. बहिणीनं तेव्हापासून माझं नाव टाकलंय.

काय? लेबल बदललं का म्हणतेस? बदलणारच होते की. छापून ठेवलेली एवढी संपू देत, इस्टर होऊ दे, मग — का गं? उठू नकोस, साबण आहे अजून! कुणी नेला? तुझ्या आईनं? हो... हो, आली होती जेराल्डीन, गुरुवारी. दोन नेल्या. उद्याच्या चर्चसाठी नातींचे केस करायचेत म्हणाली. मी म्हणलं... मी काही म्हणलं नाही. पिशवीत घालून दिल्या. कधी करणार आहे? — आज? आत्ता? अगं, पण तिच्याकडे विजेचा कंगवा असेल ना? नाही? शेगडीवरच?

फोन लाव. तू लाव, माझे हात ओले आहेत. वाजतोय? उचलेल, उचलेल, कामात असेल — पुन्हा लाव. शेजारी कोण राहतं? मग त्यांना लाव! पोरी कुठे बसवते ती, स्वयंपाकघरातच? — नको, सांगू नकोस मला. जा तू. केस राहू देत, टॉवेल घे आणि पळ. माझ्याकडे काय बघतेस अशी? जा म्हणते ना!