तसाच पाठवायचा

नाही म्हणजे नाही — तोंडही नाही. ओल्या फडक्यानं नुसतं कपाळ पुसा म्हणता, आईला बघवणार नाही म्हणता — कळतं हो मला. बसा त्या बाकावर आधी. चाळीस वर्षं ह्या खोलीत मी मेलेल्यांना अंघोळ घालतोय — म्हातारे, तरणेताठे, एकदा तर आठ दिवसांचं पोर — सगळ्यांना कोमट पाणी, पांढरे कपडे, नीट निरोप. पाण्याला मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. पण तुमचे वडील काही आजारानं गेले नाहीत. प्रार्थनाघराच्या पायरीवर त्यांना लोकांनी मारलं — आणि आपल्या ज्यू माणसांत असा गेलेला धूत नाहीत. अंगावरच्या कपड्यांनिशी, रक्तानिशी, वरून फक्त एक पांढरी चादर गुंडाळून पुरायचा. का? तर तो सदरा हीच त्याची फिर्याद. वर गेल्यावर तोंड उघडावं लागत नाही, बघणारा बघतो.

काय म्हणालात? बघणारा होता तर तेव्हा कुठे होता? — हं. विचारा, विचारा. आपल्याकडे त्याला जाब विचारायला बंदी नाही, आपला मूळपुरुषच एक गाव वाचवायला देवाशी घासाघीस करत उभा राहिला होता. माझे आजोबा म्हणायचे, आपल्याच पापांची फळं, म्हणून तर देशोधडीला लागलो. आजी म्हणायची, पुरे करा, पाळण्यातल्या लेकरानं कसलं पाप केलं होतं? आणि धर्मगुरू म्हणायचे की आपल्याला आपल्या देशातून हाकललं तेव्हा देवही गाठोडं बांधून आपल्याबरोबर निघाला, तोही आपल्यासारखाच परक्याच्या दारात. ऐकायला बरं वाटतं. पण घरमालकच भाडेकरू होऊन बसला तर तक्रार न्यायची कुणाकडे? — हसा, हसा थोडं, हरकत नाही. मी स्वतः काय मानतो? मी रक्त मानतो. ते त्याच्यापुढे ठेवायचं, बाकी तो जाणे.

आणि आईचं म्हणाल — आईचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा, गावात दंगल झाली तेव्हा गेला. मी तेव्हा ह्या कामात नवीनच होतो, नियम तोंडपाठ होता, तरी आई म्हणाली की तुझ्या पाया पडते पण त्याला असा नेऊ नकोस. मग धुतला. एकट्यानं, दार लावून घेऊन. सदरा बदलला, केस विंचरले. आई आली, बघितलं, म्हणाली झोपलाय — आणि रडलीसुद्धा नाही. पुढे काय झालं? काही नाही. ज्यांनी मारलं ते सुखानं जगले, नातवंडं खेळवली, आपापल्या अंथरुणात मेले. आम्हीच गाव सोडलं. निघालो तेव्हा त्यातल्या एकानं आमची पेटी गाडीवर चढवायला हात लावला, हो, आणि जपून जा म्हणाला. मी तेव्हापासून एकच विचार करतोय — वर त्यानं बघितलं असेल तर काय बघितलं असेल? एक स्वच्छ पोरगं. कुणाला शिक्षा करणार तो? आईनं मरताना माझ्याकडे बघून विचारलं, तसाच का नाही पाठवलास? मी म्हटलं, तूच तर म्हणाली होतीस. ती म्हणाली, मी आई होते, तुला तर अक्कल होती.

होती ना. अक्कल होती म्हणूनच तर — नाही, आईसाठी नाही हो. आईचं निमित्त झालं. मी त्याला न्हाणीत घेतला, हात उचलला, नखं साफ करायची पद्धत आहे आपली — आणि नखांत हिरवा रंग. दहाही बोटांत. आमच्या दाराचा. आठवड्यापूर्वी मीच दिला होता, गल्लीत तसलं हिरवं दार दुसरं नव्हतं. तो पळत घरापर्यंत आला होता, समजलं? पोचला होता. दार वाजवलं, मला नावानं हाक मारली, मग नुसतं खरवडत राहिला — आणि मी आत, कडीवर हात ठेवून उभा. आई मागच्या खोलीत, तिला काही ऐकू गेलं नाही. तो रंग निघेना. काडीनं काढला, एकेक बोट करून, सगळं पाणी संपेपर्यंत. रक्त तर काय, एका तांब्यात गेलं होतं.

असं काय बघताय? कुणाला सांगितलं नव्हतं हे, तुम्ही विचारलंही नव्हतं. आज शुक्रवार आहे, दिवस मावळला की आपला विसाव्याचा वार लागतो, त्याच्या आत वडिलांना मातीत ठेवायला हवं, आणि मी इथे बडबडत बसलोय. उठा. आईला घेऊन या, आहेत तसे बघू द्या तिला, मी बाजूला उभा राहीन. फडकं मला द्या ते. द्या म्हणतो ना — आणि जा आता.