फिल्म तीच, आकडा नवा

...आणि मला सांगा, लग्न ठरवताना माणूस काय काय विचारतो? घरात कोण कोण आहे, शिक्षण किती, कुणी घोरतं का, हेसुद्धा आडून आडून विचारून घेतो. पण ‘तुमच्याकडे फिल्मचा वेग कशात मोजतात’ हे कुणी विचारतं का हो? मी नाही विचारलं. तिथंच फसलो. तुम्हाला सांगतो, माझी सासुरवाडी म्हणजे एक फोटो स्टुडिओ, आणि त्या स्टुडिओच्या बरोब्बर मधून एक प्लायवूडची भिंत. अलीकडे माझे सासरे, त्यांना सगळं गाव थोरले म्हणतं. पलीकडे त्यांचे सख्खे भाऊ, ते धाकटे. दोन दारं, दोन पाट्या. गिऱ्हाईक एका दारातून आत शिरलं की भिंतीपलीकडचा भाऊ खाकरतो. वाटणीत डार्करूम थोरल्यांकडे आली आणि रस्त्याकडची उजेडाची खोली धाकट्यांकडे गेली, म्हणजे एकाला उजेड नाही आणि दुसऱ्याला अंधार नाही. थोरले भरदुपारी दिवे लावून फोटो काढतात आणि धाकटे न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकून फिल्म धुतात. बोलणं बंद. कशावरून? जमीनजुमला? दागिने? छे हो. आकडा. फिल्मच्या खोक्यावरचा आकडा.

आता मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो, थोरले कॅमेऱ्यात फिल्म भरत होते, माझ्याकडे बघून म्हणाले, “अठरा डिग्री.” मी म्हटलं, “हो ना, आज गारठा आहेच.” सासूबाईंनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. एवढ्यात प्लायवूडमधून आवाज, “वहिनी, जावईबापूंना सांगा, डिग्री गेली जुन्या काळात. शंभर म्हणतात त्याला.” थोरले लगेच, पण भिंतीकडे न बघता, बायकोला, “त्यांना सांग, खोक्यावर शंभर छापलं म्हणून फिल्म शंभराची होत नाही. फिल्म तीच, आकडा नवा.” आणि ही मंडळी मला चहा प्यायला बोलावून बसली होती.

फिल्मचा वेग म्हणजे काय, तर फिल्म कुठं पळत नाही, गैरसमज नको. उजेड पिण्याचा तिचा वेग. एखादी फिल्म घटाघट पिते, तिला चिमूटभर उजेड पुरतो. एखादी घोट घोट घेते, तिच्यासाठी जरा थांबावं लागतं. बरोबर उजेड दिला तर फोटो, कमी दिला तर काळोख, जास्त दिला तर पांढराफटक. एवढंच. पण हे मोजायचं कसं, यावर जगात एकमत झालं असेल तर शपथ. काचेच्या प्लेटा होत्या तेव्हापासूनचा घोळ आहे. थोरल्यांचे गुरू शायनर नावाच्या डिग्र्या धरायचे. ज्याच्या नावाच्या त्या डिग्र्या, तो मुळात ताऱ्यांचे फोटो काढायचा म्हणे. म्हणजे आभाळातल्या ताऱ्यांसाठी केलेलं माप लावून आमचे गुरुजी पासपोर्टचे फोटो काढत होते. मग जर्मन लोकांनी आपल्या वेगळ्या डिग्र्या आणल्या. त्यात तीन वाढले की वेग दुप्पट, म्हणजे अठराची दुप्पट छत्तीस नव्हे, एकवीस. भूगोलाच्या मास्तरानं हे ऐकून काय करावं? अमेरिकेचं त्यातल्या त्यात सरळ, पन्नासाची दुप्पट शंभर. शिवाय प्रकाश मोजायची यंत्रं विकणाऱ्यांचे आकडे निराळेच. थोरले जर्मन डिग्र्यांत मोठे झाले आणि धाकटे अमेरिकन आकड्यांत. तरी एका छपराखाली गुण्यागोविंदानं नांदत होते, कारण थोरल्यांचे अठरा म्हणजे धाकट्यांचे पन्नास, हे दोघांना झोपेतही पाठ होतं.

आणि मग एका वर्षी अमेरिकेत कुठंतरी एक कमिटी बसली. तुम्हाला सांगतो, माणसानं कशाचीही भीती बाळगू नये, पण कमिटीची बाळगावी. त्यांनी ठरवलं की आकडे दुप्पट. पन्नासाची फिल्म उद्यापासून शंभराची. फिल्म तीच, आकडा नवा. कारण काय, तर आधीच्या आकड्यात त्यांनी एक उशी ठेवली होती. लोकांना उजेडाचा अंदाज चुकतो, यंत्रंही बेभरवशाची, तेव्हा फिल्म आहे त्यापेक्षा हळू सांगा, लोक आपोआप जास्त उजेड देतील, फोटो काळा पडणार नाही. पुढं यंत्रं सुधारली. म्हणाले, उशी काढा.

काढली. आणि इथं नवीन खोकी आली. धाकटे खूश. “दादा, आपली फिल्म दुप्पट वेगाची झाली.” थोरले म्हणाले, “काल अठराची होती, रात्रीत एकवीस कशी होईल? मांजर आहे का रात्रीत व्यायला?” त्याच आठवड्यात कारखान्यातल्या माणसांचा मोठा ग्रुप फोटो होता. थोरल्यांनी जुन्या हिशेबानं काढला. धाकट्यांनी, लहान भावानं करू नये ते केलं, त्यांच्या शेजारी उभं राहून नव्या हिशेबानं दुसरा काढला. आणि तुम्हाला काय वाटतं, कुणाचा बिघडला?

कुणाचाच नाही हो. दोन्ही चांगले आले. तिथंच तर सगळं नासलं. एकाचा काळाठिक्कर आला असता तर त्यानं कान पकडले असते, संध्याकाळी दोघं एका ताटात जेवले असते. पण फिल्म बिचारी सोशिक, थोडं कमी-जास्त पोटात घालते. थोरल्यांची निगेटिव्ह जरा गडद, धाकट्यांची जरा फिकट, छापल्यावर दोन्हींत कारखान्याच्या मुकादमाच्या मिशा सारख्याच. दोघंही बरोबर. आता दोन बरोबर माणसांना समजावणार कोण? महिन्याभरात सुतार आला.

पुढं मी जावई झालो, माझी मुलगी कॉलेजात गेली, भिंत होती तिथंच. त्यांची आई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, एक महिना अलीकडे आणि एक महिना पलीकडे राहायच्या. गेल्या साली त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले काळजी नको, पण ऐंशी उलटलेल्या बाईला काळजी करू नका म्हणून कोण ऐकतं? त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “जावईबापू, माझ्या दोन्ही पोरांनी अख्ख्या गावाचे फोटो काढले. पण आम्हा तिघांचा एक फोटो घरात नाही. डोळ्यांचं पुढं काय होईल ते होवो. दिसतंय तोवर मला दोघांना एका कागदावर बघायचंय.”

मी म्हटलं, “मग त्यांना सांगा ना.”

“सांगितलं. दोघं हो म्हणाले. थोरला म्हणाला, मी काढतो. धाकटा म्हणाला, मी काढतो.”

आता आली का पंचाईत? जो काढणार तो फोटोत कसा येणार? आपोआप बटण दाबणारी ती किल्ली असते ना, तिच्यावर दोघांचाही विश्वास नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत. बाहेरचा फोटोग्राफर बोलवायचा तर स्टुडिओची अब्रू जाते. राहिलं कोण? ज्यानं आयुष्यात शाळेच्या घंटेशिवाय कसलं बटण दाबलं नाही, तो मी.

फिल्म आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, “ही घ्या, आता सगळीकडे हीच.” खोक्यावर बघतो तर काय, शंभर, मग एक तिरकी रेघ, मग एकवीस डिग्री. दोन्ही. मधल्या काळात आणखी एक कमिटी बसली होती आणि तिनं दोन्ही आकडे एकाच खोक्यावर शेजारी शेजारी बसवले होते. मला वाटलं, जमलं, मिटलं. धावत घरी आलो. थोरल्यांनी शंभरावर अंगठा ठेवून एकवीस वाचलं, म्हणाले, “ही पण खरी अठराचीच असणार.” धाकट्यांनी एकवीसवर अंगठा ठेवून शंभर वाचलं, म्हणाले, “मी काय म्हणत होतो?”

सकाळी कोवळ्या उन्हात अंगणात खुर्ची मांडली. आजेसासूबाई मधे, डावीकडे थोरले, उजवीकडे धाकटे, आणि समोर मी, थोरल्यांचा जड कॅमेरा गळ्यात घालून, घामानं निथळत. थोरले म्हणतात, “साठावर ठेवा,” म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उजेड आत. धाकटे म्हणतात, “एकशे पंचवीसवर ठेवा,” म्हणजे त्याच्या निम्माच. मी साठावर नेलं की उजवीकडून “अहो काय करताय”, एकशे पंचवीसवर नेलं की डावीकडून सुस्कारा. चकती फिरवून फिरवून अंगठा लाल झाला. मधे ढग आला, तेव्हा दोघंही नव्या आकड्यांसह सुरू झाले. ढग गेला. शेवटी आजेसासूबाई म्हणाल्या, “माझी पाठ भरून आली. जावईबापू, एक याच्या मनासारखा काढा, एक त्याच्या. आणि तुम्ही दोघं समोर बघा.”

काढले. आता धुवायचं कुणी? थोरले म्हणाले, डार्करूम माझी आहे. धाकटे म्हणाले, फिल्मवर अर्धा फोटो माझा आहे. आणि तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांनी ते दोघं एका दारातून आत गेले आणि कडी लागली. मी आणि सासूबाई बाहेर. आत नळाचं पाणी. मग, “पाणी गार आहे.” मग, “गारच लागतं.” मी मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, या खेपेला तरी एक बिघडू दे, कुणाचाही बिघडू दे...

आतून धाकट्यांचा आवाज आला, “दोन्ही आलेत, दादा.”

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, चला, आता आणखी एक भिंत.

पण थोरले काहीतरी हळू बोलत होते. सासूबाईंनी दाराला कान लावला, मग मीही लावला, लाज कसली. थोरले म्हणत होते, “तुझी निगेटिव्ह फिकी आहे. पण छापायला सोपी जाईल.” मग म्हणाले, “आकड्याचं काही नव्हतं रे. मी वीस वर्षं हात बसवला होता. कुणी न विचारता उशी काढून घेतली, तर मला वाटलं, आता आपल्याला काही येत नाही. आणि तू टाळ्या पिटत होतास.”

“मला काय कळत होतं,” धाकटे म्हणाले. “मला वाटलं तू खूश होशील. म्हणून तर पळत सांगायला आलो होतो.”

सासूबाई डोळे पुसत आत चहा ठेवायला गेल्या. मी तिथंच उभा.

फिल्म सुकवून, दोन्ही फोटो छापून दोघं बाहेर आले ते त्यातला एक ओला फोटो दोन टोकांना धरून. आईच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, उजेडाकडे वळवला, थोरल्यावरून बोट फिरवलं, धाकट्यावरून बोट फिरवलं. मग बोट खाली आलं आणि थांबलं. “पायाशी हे काळं काय पडलंय?”

दोघं भाऊ वाकले. मीही वाकलो. फोटोच्या तळापासून खुर्चीच्या पायापर्यंत एक लांबलचक सावली. कॅमेरा डोळ्याला लावलेली, कोपरं बाहेर आलेली. माझी. दुसरा फोटो बघितला, त्यातही तीच.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एका सुरात बोलले, “अहो, सूर्य पाठीशी घेऊन असं उभं राहतात का?”

ऑपरेशन झालं. आजेसासूबाईंना आता सुईत दोरा ओवता येतो आणि तो फोटो त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, सावलीसकट. सुतार पुन्हा आला, भिंत गेली, उजेड डार्करूमच्या दारापर्यंत आला. खोकी अजून येतात, फिल्म तीच, आकडा नवा, पण आता त्यावर वाद नसतो, चर्चा असते. वाद माझ्यावरून असतो. मला फोटो काढायला शिकवायचं दोघांनी मनावर घेतलंय, दर रविवारी, एक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात. शेवटी कंटाळून मी काय केलं, फिल्मच्या डबीवरच्या काळ्या-चंदेरी चौकटी वाचून आकडा आपला आपणच लावून घेतो तसला कॅमेरा विकत आणला. दाखवायला घेऊन गेलो. दोघांनी तो उलटसुलट पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणि टेबलावर ठेवून दिला.

तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. एकमेकांशी मात्र दिवसभर बोलतात... माझ्याबद्दल. चला, काहीतरी तर जुळलं.