स्टेपनीचं कुलूप

मामा, आता तुम्हीच सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कोणावर? नाही, धाकट्यावर माझा विश्वास आहेच — सख्खा भाऊ आहे, तुम्ही आमची वाटणी करायला आलात म्हणून काय तो परका झाला? बसा. खिळ्यांच्या पोत्यावर नको, खुर्चीवर. चहा येतोय. तर काय सांगत होतो — पिकअपची स्टेपनी. कंपनी ती मागे हौद्याखाली साखळीनं टांगून देते. पाना लावून फिरवलं की टायर खाली. तुम्हाला जमेल, मला जमेल, मग चोराला का नाही जमणार? गेली. नवीकोरी. कुठून? धाकट्याच्या सासुरवाडीच्या दारातून. आता मी कुणाचं नाव घेतलं? विचारा कुणालाही! मी फक्त त्याच्या सासऱ्यांच्या गाडीखाली वाकून बघितलं. वाकून म्हणजे — चपलेचा अंगठा तुटला होता, खाली बसलोच होतो, नजर गेली. धाकटा दारातच उभा होता. तसाच वळून आत गेला.

दुसरी स्टेपनी आणली तेव्हा मात्र म्हटलं, आता नाही हं. कुलपं विकण्यात हयात गेली आपली — दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं, साखळीचे दोन वेढे, वरून लोखंडी पट्टी, तीही वेल्डिंग करून. चावी माझ्या खिशात. धाकटा म्हणाला, "दादा, गाडी मी चालवतो, मग चावी तुझ्याकडे कशाला?" म्हटलं, हरवशील रे. यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

मग पंक्चर झालं, भर उन्हात, गाडीत पत्रे भरलेले. फोन आला तसा दुकान बंद करून, रिक्षा करून गेलो की नाही? या वयात गाडीखाली शिरलो की नाही? चावी घातली — फिरेना. आत चिखल जाऊन दगड झालेला. रॉकेल ओतलं, हातोडी घातली, छे! कुलूप आपल्या दुकानचं, हटतंय कशाला. मी तर म्हटलंही, "बघ, याला म्हणतात माल." धाकट्यानं घाम पुसला, म्हणाला, "खरंय दादा. आता ही आपल्यापैकी कुणीच चोरणार नाही." एवढंच. दुसरा टेम्पो बोलावला, पत्रे चढवले नि त्याच्यातच बसून गेला. दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात, वाटणी मागायला.

ही म्हणते, एकदा जाऊन या त्याच्याकडे. जाऊन काय बोलू? कुलपाबद्दल बोलू? जेवायला बसलो की त्याचं ताट अजून मांडते ही, मग उचलते — मी म्हटलं, राहू दे की, आपलं ताटच आहे, काही खात नाही.

गाडी त्यालाच द्या, मामा. हात बसलाय त्याचा तिच्यावर. दुकान माझ्याकडे राहू दे. मी काय म्हणालो असं विचारलं त्यानं तर सांगा, दादा काही म्हणाला नाही. — नाही, चावी घेऊन जाऊ नका, काय उपयोग? चहा संपवा नि निघा आता, गिऱ्हाईक येतंय. आणि हिशेब तेवढा प्रामाणिकपणे मांडा — गाडीची किंमत धराल तेव्हा टायर चारच धरा.