पखवाजवाले सोपानराव एकादशीपासून घरी नाहीत

जबाब, दि. २२ फेब्रुवारी २०२६, सकाळी ११ वा.

मी सयाजी गेनबा कड, वय ७२, शिक्षण चौथी, पूर्वी कंपनीत वॉचमन, आता धंदा काही नाही, राहणार चिखली.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, यायला नऊ दिवस उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. सोपानराव आपले आपण परत येतील असे वाटले. शिवाय ते का गेले हे सांगताना माझे नाव येणार होते.

सोपानराव ढगे, वय ६६, मूळचे परभणीकडचे, कारखान्यात लेथ मशीनवरून निवृत्त, माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहतात. पत्नी कस्तुराबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. मूलबाळ नाही. देवळात ते पखवाज वाजवतात, मी टाळ धरतो. मेसचे दोन डबे येतात, ते आम्ही त्यांच्या खोलीत बसून खातो.

गेल्या वर्षी फोनवर करिष्मा नावाच्या बाईशी त्यांची ओळख झाली. ती दुबईला नर्स आहे, लग्नाला तयार आहे, असे सांगत असे. त्यांनी तिला पैसे पाठवले. किती, ते मी विचारले नाही. ती येणार म्हणून खोलीला रंग दिला. जानेवारीत दोनदा लोहगाव विमानतळावर जाऊन संध्याकाळपर्यंत थांबले. कोणी आले नाही. मग तिचा नंबर बंद झाला. ते मला म्हणाले, "सयाजीभाऊ, ती रोज विचारायची, जेवलात का. कस्तुरा गेल्यापासून कुणी विचारलं होतं?" तेव्हा आमच्यामध्ये डबा उघडा होता.

ते जेवेनात, म्हणून मी कीर्तनकार उद्धवराव महाराजांना खासगीत सगळे सांगून म्हटले, "महाराज, त्यांना दोन शब्द सांगा." ते म्हणाले, "बघतो."

१३ फेब्रुवारीला एकादशीच्या कीर्तनात महाराजांनी नाव न घेता हीच हकिकत दृष्टांत म्हणून सांगितली. लेथवाला म्हणाले, विमानतळ म्हणाले. लोक हसले. मागून एकजण ओरडला, "सोपानराव, वहिनी कुठवर आल्या?" कीर्तन चालू असताना पखवाजवाल्याला उठता येत नाही. ते आरतीपर्यंत वाजवत राहिले. ताल कुठे चुकला नाही. नंतर पखवाजाच्या तोंडाला लावलेली कणीक न खरवडताच त्यांनी त्यावर कापडी गवसणी घातली. असे कधी केले नव्हते. मला विचारले, "महाराजांना कुणी सांगितलं?" मी म्हटले, "मला न्हाई ठावं." ते "बरं" म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून खोलीला कुलूप आहे, फोन बंद आहे. आळंदीच्या धर्मशाळा आणि चाकणचा कांदा बाजार मी फोटो घेऊन पाहिला. डबे अजून दोन येतात. माझी कोणावर तक्रार नाही.

वरचे सगळे जबाब लिहिणाऱ्या पुनम मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवले, मी बोललो तसेच उतरले आहे. नात्याच्या रकान्यात त्यांनी 'शेजारी' लिहिले, ते असू द्या. सोपानराव सापडले तर महाराजांना मी सांगितले होते, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू नये. ते मी सांगणार आहे. म्हणून आधी मला बोलवा. जसे असतील तसे, पण लवकर कळवा.

सही
सयाजी गेनबा कड