दुलईतली सुपारी

संशयी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील, पण अमरावतीचा आमचा कापूसवाला साहेब पाहिला नाहीत. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला तेजी आली होती, त्या तेजीत लोक गठ्ठ्यांत दगड भरत, म्हणून तो आत हात खुपसल्याशिवाय कापूस घेत नसे. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा शाळेसाठी विलायतेला निघाला होता. त्याला नाताळला स्वस्त पण कामाचं काय द्यावं, असं साहेबाने मला, त्याच्या कारकुनाला, विचारलं. मी बायकोकडून दुलई शिवून घेतली. साहेब आमच्या घरी आला, त्याने शिवण उसवली आणि आत हात घातला. सुपारी निघाली.

"वजन वाढवता?"

दाराआडून बायको म्हणाली, "पोरगं सुखरूप वापस यावं म्हून टाकली, सायेब."

साहेबाने सुपारी पुन्हा आत ठेवली आणि हळूच विचारलं, "बाई, एक पुरेल?"