रीमच्या सोबतीला

बहरीनमधल्या रिफा शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या पूर्णिमाला शेजारच्या बाकावरून वऱ्हाडी बोली ऐकू आली. दोघे जण होते, आणि त्यांच्या पायाशी घोंगडीवर एक उंच, सडपातळ शिकारी कुत्री निपचित पडली होती.

“उज्ज्वल, तू आत नको जाऊ. डॉक्टर सुई देईन, खलास.”

“नाही जगदीशभाऊ. नऊ वर्षं रीमले मीच वाळवंटात पळवलं. वरून ससाणा झडप घाले, अन् खालून रीम ससा अडवे.”

“मालक काय म्हणाले?”

“कॅन्सर हाडात पसरला, आता तिले तरास नको म्हणाले. फोनवर रडत होते.”

“मंग तू कायले पाहतं?”

“मी दिसलो नाही तं रीम मान उचलून मले शोधत राहीन.”

जगदीशभाऊंनी वाकून रीमच्या पाठीवरून हात फिरवला. पूर्णिमा टोपलीकडेच बघत राहिली.

नर्सने दार उघडून हिंदीत विचारलं, “भूल द्यायचीय, उपाशी आणलंय ना हिला?”

“नाही सिस्टर,” रीमला दोन्ही हातांवर उचलत उज्ज्वलही हिंदीतच म्हणाला, “सकाळी मटण भरवलं. आज उपाशी कशाला ठेवायचं?”