आईच्या एकुलत्या एक भावाची एकुलती एक मुलगी

…आन् वरून म्हनत्यात, तर्क लावा! आता ह्येला काय डोंबलाचा तर्क लावायचा? तुमाला सांगतो, कर्जतला स्टँडच्या मागं माझं दुकान हाय, ऑनलाईन फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. सगळ्या भरत्यांची पोरं माझ्याच दारात उभी असत्यात, पन असला प्रश्न मी जन्मात बघितला न्हवता. ऐका, नीट ऐका, मंग बोला. 'एका स्त्रीच्या फोटोकडे बोट दाखवून एक पुरुष म्हणाला, ही माझ्या आईच्या एकुलत्या एक भावाची एकुलती एक मुलगी आहे. तर ती स्त्री त्या पुरुषाची कोण?' पर्याय एक, मामेबहीण. दोन, आत्या. तीन, पत्नी. चार, भाची. आता आमच्या दोस्ताच्या, कल्याणच्या आईला, म्हंजी बायडाबाईला, भाऊ किती? एक. काष्टीचे सहादेवमामा. सहादेवमामाला पोरगी किती? एक. सविता. आन् सविता सध्या कुठं हाय? कल्याणच्या घरात, गळ्यात मंगळसूत्र घालून! मंग तुमीच सांगा, ती त्येची कोन?

हां, आता तुमच्यातलं कोनी नाक मुरडंल, की बाबा, मामाच्या पोरीशी लगीन? व्हय, केलं! आमच्याकडं करत्यात! मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, ही काय आमी काल काढलेली रीत न्हाई. सविताचं बारसं हुतं, आत्या म्हनून बायडाबाईनंच पोरीच्या कानात कुर्र केलं, आन् नाव सांगायच्या आधी सगळ्या बायांम्होरं म्हनली, 'ही माझी सून!' कल्याण तवा चड्डी सावरत गूळ-खोबरं खात हुता, त्येला काय विचारलं का? न्हाई! पन तवापासनं सगळ्या काष्टीनं ह्येला जावई म्हनून चिडवलं. राखीपुनवेला सविता गावभर राख्या बांधत फिरायची, कल्याण दिसला की हात मागं. कधी एक दोरा बांधला न्हाई. भाऊबीजेला कधी ओवाळलं न्हाई. आन् अशा बाईला परीक्षेचा कम्प्युटर म्हनतो, त्येची बहीन? अरं, बहीन म्हनायचं आसंल तर ओवाळनीचं ताट कुठंय?

कल्याण म्हंजी माझा शाळेपासनंचा दोस्त, म्हनून मी तावातावानं बोलतोय असं समजू नका, म्हंजी बोलतोयच, पन त्येला कारन हाय. ह्यो गडी सात वर्षं भरती भरती करतोय. गनित? चोख. सामान्य ज्ञान? तोंडपाठ. पन बुद्धिमत्ता चाचनी आली की गाडी चिखलात. आन् ते बुद्धी कमी म्हनून न्हाई, जादा म्हनून! संध्याकाळी सविता भाकरी थापता थापता पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून मोठ्यानं वाचायची, आन् ह्यो ओट्याला पाठ लावून उत्तरं द्यायचा. ती वाचनार, 'रमेश घरातून निघून उत्तरेला पाच किलोमीटर गेला, उजवीकडे वळून तीन किलोमीटर गेला, पुन्हा उजवीकडे वळून पाच किलोमीटर गेला, तर तो घरापासून किती दूर आहे?' ह्यो म्हननार, 'पन ह्यो चाललाय कुठं?'

'अहो, कुठं का जाईना, अंतर सांगा.'

'आगं, तीन किलोमीटर, कळलं मला! पन तीनच किलोमीटरवर जायाचं हुतं तर ह्येनं तेरा किलोमीटर पायपीट का केली? घरात भांडून निघालाय का? त्येच्या घरच्यांनी फोन केला का?' तवर दुसरी भाकरी करपायची.

मंग ते गोल टेबल. 'सहा मित्र गोल टेबलाभोवती बसले आहेत. महेश सुरेशच्या शेजारी बसलेला नाही.' झालं! ह्यो उठून बसायचा. 'का न्हाई बसला? बांधावरनं भांडन हाय का? का मागल्या लग्नात मानपान राहिला? भांडन काय ते सांग, मी आत्ता सगळ्यांना बरोबर जाग्यावर बसवतो!' खोटं कशाला बोलू, गावातली पंगत बसवायची तर कल्याणच लागतो, कोन कुनाच्या ताटाकडं बघत न्हाई हे त्येला झोपेत बी ठावं. पन पेपरात भांडन देत न्हाईत ना, नुसती नावं देत्यात.

आन् त्या गाई! 'सर्व गाई पंखे आहेत. सर्व पंखे खुर्च्या आहेत. तर सर्व गाई खुर्च्या आहेत, हा निष्कर्ष बरोबर की चूक?' कल्याणनं भर क्लासात हात वर केला, 'सर, चूक.' वैजनाथ सर म्हंजी आमच्या हितल्या क्लासचे मालक, नाकात बोलत्यात, 'कंल्याण, दिंलेलं विंधान संत्य मांनायचं.' ह्यो म्हनला, 'मानलं असतं सर, पन सकाळीच धार काढून आलोय, पंख्यानं लाथ मारली न्हाई कधी.' सगळा क्लास हसला, सरांनी ह्येला बाहेर काढला, आन् घरी आल्यावर सविता काय म्हनली? म्हनली, 'अहो, पेपराला जाताना आपलं घर संगं न्यायचं न्हाई. दिलंय तेवढंच धरायचं.' बाई दीड वर्षं नुसती प्रश्न वाचून वाचून तयार झाली हुती, आन् आमाला कुनाला पत्ता न्हाई! फॉर्म भरायला दोघं दुकानात आले, त्येचा भरला, आन् मीच म्हनलं, वैनी, तुमचा बी भरू का, फोटू काय आत्ता काढतो. कल्याण बी हसून म्हनला, 'भर भर, सोबत हुईल नगरपत्तोर.' पुढच्या भरतीला कल्याणचं वय बसनार न्हवतं. ही शेवटची संधी, हे त्येला बी ठावं, मला बी, आन् रोज देवाला दिवा लावनाऱ्या बायडाबाईला बी.

आन् पेपरात नेमका ह्योच प्रश्न आला! आता तुमी कल्याणच्या जागी बसा. एशीत बसलाय, गार वारा लागतोय, म्होरं स्क्रीनवर लिवलंय, आईच्या एकुलत्या एक भावाची एकुलती एक मुलगी. डोळ्याम्होरं कोन येनार? सकाळी डब्यात दशमी बांधून, आत्ता शेजारच्या खोलीत पेपर द्यायला बसलेली सविताच येनार ना? सात वर्षांत पहिल्यांदा कुनी त्येला ओळखीचा प्रश्न विचारला हुता! गड्यानं क्षनभर बी इचार केला न्हाई. पर्याय तीन. पत्नी. तुमीच सांगा, ती त्येची कोन?

म्हैन्याभरानं उत्तरं आली, त्यासंगंच तात्पुरती यादी आली, आन् यादी माझ्याच कम्प्युटरवर उघडली. यादीत सगळ्यात शेवटचं नाव, सविता कल्याण. त्येच्याखाली रेघ. रेघेखाली लिवलेलं, प्रतीक्षा यादी, आन् तिथं पहिलं नाव, कल्याण! एका प्रश्नानं! कोनता प्रश्न, हे मी सांगायची गरज हाय का? सरकारी उत्तर, पर्याय एक. मामेबहीण. सवितानं बी तेच दाबलेलं!

'तू?' कल्याण म्हनला. 'तू सोताला माझी बहीन लिवलं?'

'अहो, पेपरात काय मी तुमची बायको हाय का? घर संगं न्यायचं न्हाई, सांगितलं हुतं की मी. बायको काय कुनाची आसंल, कुनाची नसंल, पन मामाची पोरगी ही मामेबहीन तर समद्यांचीच असती.'

कल्याण जो पेटला, जो पेटला! चार दिवस मुदत हुती, उत्तरावर हरकत घ्यायची. म्हनला, 'घ्यायची! सोडायचं न्हाई! मी जित्ता हाय तोपत्तोर माझ्या बायकोला माझी बहीन कोन म्हनतंय बघतो!' पुरावे जोडायचे हुते, ह्येनं लग्नपत्रिका आनली, हळदीचा फोटू आनला, रेशनकार्ड आनलं. बायडाबाई सोता दुकानात आली, म्हनली, 'मला घ्या त्यात. कुर्र मी केलंय!' काष्टीवरनं सहादेवमामाचा फोन, स्पीकरवर, सगळा स्टँड ऐकतोय, 'माझ्या जावयाला माझ्या पोरीचा भाऊ म्हननारा कोन हाय त्यो पेपर घेनारा कंपनीवाला? नंबर द्या त्येचा! आहेर काय मी भाच्याला फुकट केला का?' वैजनाथ सरांनी निरोप धाडला, 'नांदी लांगू नंकोस.' कल्याणनं उलटा निरोप धाडला, 'सर, गाईला पंखा मानलं, पन बायकोला बहीन मानायचा न्हाई.' मी बी चेव आल्यासारखी हरकत टाईप केली, असली झनझनीत मराठी त्या वेबसाईटनं कधी बघितली नसंल.

शेवटचा दिवस. सगळं भरलं. आता नुसतं एक बटन दाबायचं हुतं. कल्याणनं माऊसवर हात ठेवला, आन् दारात सविता. पिशवी घेऊन बाजाराला आलेली. उंबऱ्यातनंच म्हनली, 'ही हरकत मान्य झाली तर काय हुतं हो?'

'काय हुनार? पत्नी बरोबर ठरनार. माझा एक वाढनार.'

'आन् माझा?'

माझ्या बी डोक्यात तवर आलं न्हवतं, देवाशपथ! त्येचा एक वाढला म्हंजी हिचा एक गेला. ह्यो रेघेच्या वर, ही रेघेच्या खाली. जागा एकच. कल्याणचा हात माऊसवर तसाच. सविता रडली बिडली न्हाई, बरं का. पिशवी खाली ठेवली आन् म्हनली, 'दाबा. तुमचं खरंच हाय, मी तुमचीच बायको हाय, दुसऱ्या कुनाची न्हाई. पन मला वाईट वाटंल, हे आत्ताच सांगून ठेवते. मी बी अभ्यास केलाय. भाकरी थापत केलाय, पन केलाय.'

मंग कल्याण हळूच म्हनला, 'लाईट गेली वाटतं.' मी वर बघितलं, पंखा फिरतोय गरगर. मी म्हनलं, 'व्हय व्हय, गेली. आता काय येत न्हाई मुदत संपूस्तोर.' तुमाला सांगतो, माझ्या दुकानात दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर हाय! पन कधी कधी लाईट जाऊ द्यायची असती. माऊस सोडताना त्येचे डोळे भरले हुते, आन् तरी बी दारातनं मागं वळून मला काय म्हनला? 'हरकत घेतली न्हाई म्हंजी ते उत्तर बरोबर हाय असं न्हाई! पत्नीच! मरेस्तोर पत्नीच!'

आन् परवा सविता कामावर हजर व्हायला नगरला गेली. क्लार्क! मी संगं हुतो, झेरॉक्सचा गठ्ठा सांभाळायला. कल्याण नवीन शर्ट घालून, तिची पर्स, पान्याची बाटली, डबा, सगळं खांद्याला अडकवून. हापिसच्या दारात शिपाई. म्हनला, 'बाई, आत जावा. तुमी थांबा.'

'अहो, मी नवरा हाय तिचा.'

'म्हनून तर थांबा! हितं नवरे आत सोडत न्हाईत. एक आत गेला की बायकोच्या खुर्चीत बसतो आन् सायबाला अक्कल शिकवतो, लई वैताग झालाय. माहेरचं कोनी आसंल, भाऊ बिऊ, तर पाच मिनिटं सामान ठेवून या.' आन् मंग शिपायानं कल्याणला वरपासनं खालपत्तोर बघितलं, बहुतेक दया आली आसंल, आवाज बारीक करून म्हनला, 'खरं सांगा, ह्या तुमच्या कोन?'

तुमाला सांगतो, सगळ्या राज्याच्या परीक्षेसंगं भांडलेला गडी! सहादेवमामाला, बायडाबाईला, सगळ्या कर्जत स्टँडला साक्षीला उभं केलेला गडी! एकदा त्येनं माझ्याकडं बघितलं. एकदा आतल्या त्या खुर्चीकडं बघितलं, पहिल्याच दिवशी सविता त्या खुर्चीत कशी बसती ते त्येला सोताच्या डोळ्यांनी बघायचं हुतं. दीर्घ श्वास घेतला, खांद्यावरची पर्स सावरली, आन् म्हनला,

'मामेबहीन.'

आन् आतनं सविताचा आवाज, 'बघा, येतंय की तुमाला!'